काटशह म्हणजे कुठलाही बचाव नव्हे

एका वाचकाने विचारलं आहे: कापाब्लांका आणि मार्शल या बुद्धिबळपटूंच्या १९१८च्या प्रसिद्ध डावाचं मराठी समालोचन ऐकलं. त्यात ‘मार्शलच्या प्रत्येक हल्ल्याला कापाब्लांकाने काटशह दिला’ असं वाक्य होतं. काटशह म्हणजे नेमकं काय? आणि अशा जबरदस्त बचावासाठी मराठीत ‘बचाव’ सोडून दुसरा शब्द आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. ते वाक्य साफ चुकीचं आहे. त्या संपूर्ण डावात एकही काटशह नाही. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कापाब्लांकाने सबंध डावात एकच शह दिला, तोही ३६व्या म्हणजे अखेरच्या खेळीला. ज्याने तोवर साधा शहसुद्धा दिला नाही, त्याने काटशह कुठून दिले?

हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. फलंदाजाने षटक खेळून काढलं की काटशह. पुढाऱ्याने आरोप फेटाळले की काटशह. मालिकेतल्या सुनेने सासूला उलट उत्तर दिलं तरी काटशह. उत्तर, खुलासा, प्रतिकार, निषेध या सगळ्या चांगल्या शब्दांना बाजूला सारून हा एकच शब्द सगळीकडे लावला जातो, आणि त्याच्या पोटातला नेमका, देखणा अर्थ हरवत चालला आहे.

काटशह म्हणजे शहाला दिलेला शह. आपल्या राजाला शह बसला असताना आपण अशी खेळी करायची की आपला शह सुटेल आणि त्याच खेळीने समोरच्या राजाला शह बसेल. दोन्ही गोष्टी एकाच खेळीत झाल्या पाहिजेत. नुसता शह सुटला तर तो बचाव.

पट मांडून पाहा, म्हणजे डोळ्यांना पटेल. (पांढऱ्याच्या बाजूने उभ्या पट्ट्या डावीकडून ए ते एच, आणि आडव्या ओळी खालून १ ते ८.) पांढरा राजा जी १वर, हत्ती डी २वर, उंट डी ३वर. काळा राजा डी ८वर. काळा हत्ती ई १वर येऊन शह देतो. आता पांढरा उंट डी ३वरून एफ १वर जातो. काय झालं? उंट आपल्या राजापुढे आडवा आला, शह थांबला. पण उंट हलल्याबरोबर मागच्या हत्तीची सबंध डी पट्टी मोकळी झाली आणि काळ्या राजाला शह बसला. काळ्याला आता हल्ला बाजूला ठेवून स्वतःचा राजा हलवावा लागतो. याला काटशह म्हणतात.

मला या शब्दात सर्वांत आवडतो तो ‘काट’. त्याच्याबद्दल दोन मतं कानावर येतात आणि दोन्ही मला मान्य नाहीत.

पहिलं मत असं की हा ‘काटा’ आहे. काट्याने काटा काढतात तसा शहाने शह काढायचा, म्हणून काटशह. ऐकायला गोड, पण भाषेच्या अंगाने लंगडं. काटा हा कंटकापासून आलेला. तो समासात आला की ‘काटे’ होतो: काटेकोरांटी, काटेसावर, काटेरिंगणी. या न्यायाने शब्द ‘काटेशह’ व्हायला हवा होता. तसं कोणी म्हणत नाही, कधी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

दुसरं मत जास्त विद्वान दिसतं. हिंदीत ‘ज़हर की काट’ म्हणतात, म्हणजे विषावरचा उतारा. त्याच अर्थाने काटशह म्हणजे शहावरचा उतारा, असं ही मंडळी सांगतात. मला हे मत धोकादायक वाटतं, कारण आजच्या सगळ्या गैरवापराला तेच दार उघडून देतं. उतारा एवढाच अर्थ असेल तर शहावरचा कुठलाही उपाय काटशह ठरेल. राजा एक घर सरकला तरी काटशह, शह देणारा घोडा मारला तरी काटशह. मग शब्दाच्या शेवटी ‘शह’ कशाला? तो तिथे आहे तो उत्तर हाही शहच असतो म्हणून.

माझं मत सांगतो. हा ‘काट’ काटकोनातला आहे, काट मारण्यातला आहे. लिहिलेल्या मजकुरावर काट मारतो तेव्हा आपण त्याच्यावरून रेघ ओढतो. काटकोनात दोन रेषा एकमेकींना छेदतात. दोन्हीकडे मूळ चित्र आडवं जाण्याचं, छेदण्याचं आहे. आता वरच्या पटाकडे पुन्हा पाहा. काळ्या हत्तीचा शह पहिल्या ओळीतून आडवा येतो आहे आणि पांढऱ्या हत्तीचा शह डी पट्टीतून उभा वर जातो आहे. दोन शहांच्या वाटा एकमेकींशी काटकोन करतात, आणि त्या दोन्ही वाटांचा हिशेब एकटा उंट चुकता करतो: एका वाटेत शिरून आणि दुसरीतून निघून. सगळे काटशह इतके रेखीव नसतात हे मला माहीत आहे. वजिराला वजीर आडवा घालून दिलेला काटशह एकाच तिरप्या रेषेतही बसू शकतो. पण शब्द घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आडवं जाणं होतं, शहाची वाट छेदणं होतं, असं मी ठामपणे मानतो. उताऱ्याच्या बाजूचे लोक म्हणतील की दोन्ही ‘काट’ शेवटी एकाच मुळाचे. बरोबर आहे. संस्कृत ‘कृत्’ म्हणजे कापणे, त्यातून प्राकृत ‘कट्ट’ आणि पुढे काट. आपली कात्रीही ‘कर्तरी’मधून, म्हणजे त्याच घरातून आली. पण एका घरातले भाऊ म्हणून दोघांचा धंदा एक ठरत नाही.

आणि या घराण्याचा विषय निघालाच आहे तर ‘शह’चं घराणं पाहण्याजोगं आहे. शह म्हणजे फारसी शाह, राजा. समोरच्याच्या राजावर नेम धरला की ‘शाह!’ असं बजावायचं, म्हणजे ‘राजा सांभाळ’. या शाहचं जुनं रूप प्राचीन फारसीत ‘ख्शायथिय’ असं होतं, आणि त्यातला ‘ख्शाय’ हा धातू आपल्या ‘क्षत्र’चा सख्खा नातेवाईक. म्हणजे काटशह या शब्दात संस्कृतकडून आलेला ‘काट’ आणि इराणातून आलेला ‘शह’ हे लांबचे भाऊबंद भेटतात. तोच शाह अरबांमार्फत युरोपात गेला, फ्रेंचांच्या तोंडी बदलला आणि इंग्रजीत ‘चेक’ झाला. बँकेत आपण वटवतो तो चेक आणि चौकडीच्या सदऱ्याचं कापड म्हणजे चेक्स, दोन्ही मूळचे पटावरचे. हिंदीच्या नादाने अलीकडे ‘गुंडांना पोलिसांची शह आहे’ असं मराठीत लिहितात, तेही थांबायला हवं. हिंदीत शह देणं म्हणजे चिथावणं, पाठीशी घालणं. मराठीत शह देणं म्हणजे अडवणं. त्या मराठी वाक्याचा अर्थ पोलिसांनी गुंडांना रोखलं असा होईल. पाठबळ, आशीर्वाद, अभय हे शब्द आपल्याकडे असताना हा उलटा अर्थ का आणायचा?

‘मात’बद्दलही एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती बचावाशी जोडलेली आहे. ‘शाह मात’ म्हणजे ‘राजा मेला’ असं अरबी ‘मात’वरून सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, चकित, काही सुचेनासा झालेला. बुद्धिबळात राजा कधी मरत नाही, त्याला पटावरून कोणी उचलत नाही. त्याला जायला घर उरत नाही, एवढंच होतं. डाव संपतो तो हतबलतेवर.

मार्शल–कापाब्लांका डाव पाहावा तो याच नजरेने. न्यूयॉर्क, १९१८, रुय लोपेझ नावाची सुरुवात. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या मार्शलने आठव्या खेळीला डी पट्टीतलं प्यादं दोन घरं पुढे ढकलून ई ५वरचं प्यादं देऊ केलं. हा हल्ला त्याने कापाब्लांकासाठी वर्षानुवर्षे झाकून ठेवला होता अशी आख्यायिका आहे; ती किती खरी यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पुढे काही तरी शिजवून ठेवलं आहे हे ओळखूनही कापाब्लांकाने प्यादं घेतलं. मग एल्गार सुरू झाला. घोडा जी ४वर, वजीर एच ४वर, घोडा एफ २वरच्या प्याद्यावर. तो घोडा वजिराने मारता येत होता. कापाब्लांकाने मारला नाही, ई १वरचा हत्ती फक्त एक घर वर घेतला. मार्शलने उंटही देऊ केला.

त्यानंतरचे शह मोजा. १७व्या खेळीला उंटाचा शह, राजा एफ १वर. १९व्या खेळीला वजिराचा, राजा ई २वर. २२व्या खेळीला हत्तीचा, राजा डी ३वर. २३व्या खेळीला पुन्हा वजिराचा, राजा सी २वर. चार शह, आणि चारही वेळा राजा स्वतःच्या पायांनी चालत गेला. कोणी आडवं आलं नाही, कोणी मारलं गेलं नाही, कोणी उलट शह दिला नाही. किल्ला सोडून पटाच्या मधून दुसऱ्या बाजूला जाणारा राजा पाहून आपल्या छातीत धडधडतं, पण त्याला दर वेळी घर होतं. हतबलता कधी आलीच नाही. मधल्या काळात ए १वरचा हत्ती आणि बी १वरचा घोडा मूळ घरातच बसून होते. हत्ती पहिल्यांदा हलला ३१व्या खेळीला आणि घोडा ३२व्या. तोवर मार्शलचा हल्ला विझला होता, आणि ए पट्टीतून निघून बी पट्टीत शिरलेलं एक प्यादं वजीर व्हायला निघालं होतं. ३६व्या खेळीला उंटाने एफ ७वरचं प्यादं मारून शह दिला आणि डाव संपला. या राजाच्या चालीला कोणी काटशह म्हटलं की मला खरोखर वाईट वाटतं, कारण या बचावाचं सगळं तेज उलट शह न देता टिकून राहण्यात आहे.

दुसरं उदाहरण १९५३च्या झुरिक स्पर्धेतलं, गेलर विरुद्ध ऑयव्ह. (युवे, इयुवे, यूव अशी हवी तशी लेखनं दिसतात. मी ऑयव्ह लिहितो.) गेलरचा वजीर एच ७वर प्यादं मारून शह देतो, ऑयव्हचा राजा एफ ७वर येतो, गेलर उंट एच ६वर आणून ठेवतो. आता जी ७ कोसळणार. अशा वेळी ५२ वर्षांच्या ऑयव्हने २२व्या खेळीला हत्ती एच ८वर ठेवला, वजिराच्या तोंडात. वजिराने तो मारला आणि पटाच्या कोपऱ्यात जाऊन पडला. लगेच ऑयव्हचा दुसरा हत्ती सी २वर उतरला आणि पांढऱ्या राजाच्या दारात उभा राहिला. २६व्या खेळीला गेलरने डाव सोडला. ही खेळी मराठी वृत्तपत्रात ‘ऑयव्हचा काटशह’ म्हणूनच छापून येईल. पण हत्ती एच ८वर ठेवल्याने कोणालाही शह बसला नाही. हा प्रतिहल्ला आहे, आणि त्यासाठी दिलेला हत्तीचा बळी आहे.

त्याच स्पर्धेत पेट्रोस्यानने रेशेव्स्कीविरुद्ध २५व्या खेळीला हत्ती ई ६वर नेऊन उंटाला देऊ केला. कारण इतकंच की ई ७ हे घर रिकामं व्हावं, तिथून घोडा डी ५वर जावा आणि पांढऱ्याची मधली प्यादी जागच्या जागी थिजावीत. डाव बरोबरीत सुटला. ही नाकेबंदी. हाही काटशह नव्हे.

मग खरा काटशह पाहायचा कुठे? बोटविनिक विरुद्ध मिनेव, अ‍ॅम्स्टरडॅम, १९५४. पटावर दोन वजीर आणि बोटविनिकचं एक जास्तीचं प्यादं. अशा वेळी हरणाऱ्याचा एकच आधार असतो, शहामागून शह देत राहणं. नवखा खेळाडू आपला राजा शत्रूच्या राजापासून लांब पळवतो. बोटविनिकने उलटं केलं, तो आपला राजा मिनेवच्या राजाच्या रोखाने घेऊन गेला. कारण दोन्ही राजे एकाच ओळीत, पट्टीत किंवा लगतच्या ओळींत आले की आडवा घातलेला वजीर समोरच्यालाही शह देऊ शकतो आणि वजिरांची अदलाबदल भाग पडते. शेवटी बोटविनिकचा राजा सी ५वर आला. मिनेवच्या कामाच्या कुठल्याही शहाला आता काटशहाने उत्तर होतं. त्याने डाव सोडला.

राजकारणातला ‘शह-काटशह’ मला चालतो, पण हाच नियम पाळून. एका गटाने दुसऱ्याचे नगरसेवक फोडले आणि दुसऱ्याने पत्रकार परिषद घेतली, तर तो निषेध. दुसऱ्याने ते नगरसेवक परत आणले आणि त्याच बैठकीत पहिल्याच्या महापौरावर अविश्वास ठराव टाकला, तर तो काटशह.

बचावासाठी दुसरा शब्द हवा का? माझ्या मते नको. राजा चालून सुटला तर ‘राजाने शह चुकवला’ म्हणा, मधे मोहरा आला तर ‘आड घातली’ म्हणा, उलट चढाई झाली तर ‘प्रतिहल्ला’, प्यादी रोखली तर ‘नाकेबंदी’. या सगळ्यांना मिळून बचाव म्हणतात, आणि कापाब्लांकाच्या डावासाठी तो पुरेसा आहे.