टाकी भरलेली असूनही उन्हाळ्यात वरच्या नळाला पाणी का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की पाणी दिवसाआड येतं, गच्चीवरची टाकी भरून घेता, तरी वरच्या बाथरूमचा नळ नुसता फसफसतो आणि खाली स्वयंपाकघरात मात्र धार चांगली असते. दर उन्हाळ्यात हेच होतं आणि आता प्लंबर सगळी लाइन बदला म्हणतोय. शिवाय उन्हाळ्यात आणखी कशाकडे लक्ष द्यावं, हेही विचारलंय.

मी नाशकात प्लंबिंगचीच कामं करतो. लाइन बदलायची घाई करू नका. नळ फसफसतोय आणि त्रास फक्त उन्हाळ्यात होतोय, म्हणजे पाइपात हवा धरली आहे. एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बऱ्याचशांचं मूळ एकच असतं: टाकी पार तळापर्यंत रिकामी झालेली असते.

टाकी संपली की आउटलेटमधून हवा आत शिरते. टाकी पुन्हा भरल्यावर ती निघून जायला हवी, पण गच्चीवरची लाइन बहुतेक घरांत कठड्यावरून किंवा बीमवरून उचलून मग खाली सोडलेली असते. त्या उंचवट्यात हवा अडकून बसते. 10 मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. टाकी स्लॅबवरच ठेवली असेल तर वरच्या नळाला जेमतेम 2-3 मीटर उंची मिळते, म्हणजे पाव किलोच्या आसपास. एवढ्याशा दाबाने ती हवा हलत नाही. स्वयंपाकघराला आणखी एका मजल्याची उंची मिळते, म्हणून तिथे धार लागते.

आधी साधा उपाय करून बघा. टाकी काठोकाठ भरा आणि खालच्या मजल्यावरचे टाकीच्या लाइनीवरचे नळ एकदम पूर्ण सोडा. पाणी वाया जाऊ नये म्हणून खाली बादल्या लावा. जोरात वाहणारं पाणी पुष्कळदा हवेला ओढून नेतं. मग ते बंद करून वरचा नळ सोडा. नाहीच जमलं तर बागेची नळी घ्या. एक टोक हौदातल्या मोटरचं पाणी टाकीत न जाता थेट येतं त्या नळाला आणि दुसरं वरच्या बंद पडलेल्या नळाला क्लॅम्पने घट्ट बसवा, मोटर चालू करून दोन्ही नळ सोडा. पाणी उलटं चढून हवेला टाकीत ढकलतं. गच्चीवर कोणी उभं असेल तर टाकीत बुडबुडे येताना ऐकू येतात. ते थांबले की लगेच नळ बंद करून नळी काढा. महापालिकेच्या लाइनीवरून मात्र हे करू नका, तिथला दाब कमी पडला तर तुमच्या टाकीतलं पाणी सगळ्यांच्या लाइनीत जाईल.

कायमचा इलाज म्हणजे एअर व्हेंट, हवा बाहेर जायची वाट. लाइनीच्या सगळ्यात उंच जागी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून अर्ध्या इंचाचा उभा पाइप टाकीच्या वर फूटभर न्यायचा, तोंड खाली वळवायचं आणि डास जाऊ नयेत म्हणून जाळी लावायची. थोडा पाइप, एक टी, दोन एल्बो (वळणाचे जोड). तुमच्या प्लंबरला हेच करायला सांगा.

तळाचं पाणी ओढलं जाताना गाळही येतो. म्हणून हवा काढल्यावरही एखाद्याच नळाची धार बारीक राहिली तर त्याच्या तोंडाची जाळी काढून बघा, फडकं गुंडाळून पक्कडीने फिरवली की निघते. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर तिच्यावर पांढरा क्षार चढलेला दिसेल. रात्रभर लिंबूसताच्या पाण्यात ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. संडासाचं ॲसिड नळाला लावू नका, वरचा मुलामा उडतो.

आता गच्चीवरच्या उघड्या पाइपांबद्दल, कारण हे कोणी सांगत नाही. प्लॅस्टिकचा पाइप उन्हात लांबतो. पहाटे आणि दुपारी त्याच्या तापमानात 25 अंशांचा फरक पडला तर 10 मीटरचा पाइप साधारण दीड सेंटिमीटर वाढतो. क्लॅम्प आवळून टाकलेले असले की ही वाढ एल्बोवर येते आणि रोजच्या ओढाताणीने तिथला जोड सुटतो. सुरुवातीला पाणी टपकत नाही, जोडाभोवती फक्त क्षाराची पांढरी रेघ उमटते. ती दिसली की जोड बदलून घ्या आणि क्लॅम्प इतकेच कसा की पाइप आत सरकू शकेल. उन्हाने पाइप ठिसूळही होतो. पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या रंगाचा एक हात दिलात तरी त्याचं आयुष्य वाढतं.

मोटरकडेही लक्ष ठेवा. हौदातलं पाणी खाली गेलं की ती हवा घेते, आवाज बदलतो आणि पंप हाताला गरम लागतो. अशी कोरडी चालली तर सील जातं. पाणी आलं की नाही हे बघितल्याशिवाय बटण दाबू नका. आणि महापालिकेच्या लाइनीला थेट मोटर कधीच लावू नका. ती पाणी खेचते तेव्हा लाइनीला कुठे गळती असेल तर तिथून गटाराचं पाणी आत येतं आणि ते शेजाऱ्यांच्या लहान मुलांच्याही पोटात जातं.

फ्लशची टाकी आतल्या आत गळते का हे बघायला तिच्यात खाण्याचा रंग टाका. अर्ध्या तासात फ्लश न करता भांड्यात उतरला तर वॉशर गेलंय. दिवसाआड पाणी असताना ही गळती परवडत नाही.

मेमध्ये गावी जाणार असाल तर निघताना प्रत्येक नहाणीच्या जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचा-दोन चमचे गोडंतेल ओता. ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या भागात साठून राहणारं पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं घरात येतात. तेलाच्या थराने ते सावकाश आटतं.

तुमची टाकी स्लॅबवरच आहे की स्टँडवर, आणि लाइन कठड्यावरून गेली आहे का, ते कळवा. व्हेंट नेमका कुठे घ्यायचा ते सांगतो.