परदेशातल्या ख्रिस्ती कॅम्पला जाऊन मिशनरी आयुष्य कळतं का?

सलाम. तुम्ही विचारलंय की पुढे मिशनरी व्हायचं मनात आहे, युरोपात आठवडाभराच्या फेलोशिप कॅम्पला जायचा चान्स आहे, तर तिथे त्या आयुष्याचा अंदाज येतो का. मी एकदाच गेलोय, फ्रान्समध्ये तेझेला (हे एक गाव, तिथे ब्रदर्स म्हणजे ख्रिस्ती संन्याशांचा मठ आहे), जर्मनीत शिकत होतो तेव्हा, म्हणून तेवढंच सांगतो.

आम्ही नगरचे. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 मध्ये आलं, सिंथिया फरार बाईंनी मुलींना शिकवलं, हे ऐकतच मोठा झालो, त्यामुळे मिशनरी म्हणजे शाळा-दवाखाना काढणार आणि रविवारी दणक्यात उपदेश करणार असं डोक्यात फिट्ट बसलेलं. तेझेला पोचलो आणि पहिल्याच दिवशी हातात आला संडास घासायचा ब्रश. तिथे प्रत्येकाला काम असतं, कोणी भांडी, कोणी जेवण वाढायचं, आणि माझ्या नशिबी हे.

राहायला बंक बेडच्या साध्या बराकी नाहीतर तंबू. जेवायला चमचा एकच, आणि चहा कपात नाही, वाडग्यात. दिवसातून तीनदा घंटा वाजली की सगळे चर्चमध्ये, बरेचसे जमिनीवरच बसतात, आणि उपदेश नाहीच! एकच ओळ पुन्हा पुन्हा गातात, कधी लॅटिन कधी स्पॅनिश, मग मध्येच बराच वेळ एकदम शांतता. पहिल्या दिवशी मला वाटलं माईक बंद पडला की काय. गाण्यांचं मात्र लगेच जमलं, आपल्याकडे भजनात ध्रुवपद घोळवतात तसंच ते, ना. वा. टिळकांची भजनं ऐकत वाढलेल्याला त्यात नवीन काय.

तिथले ब्रदर्स म्हणजे खरा विषय. ब्रदर रोजे हे स्वित्झर्लंडचे, 1940 मध्ये पंचविशीत सायकलवर त्या गावात आले, घर घेतलं आणि युद्धातल्या निर्वासितांना, ज्यूंना आसरा दिला. 1949 मध्ये पहिल्या सात जणांनी आयुष्यभराची शपथ घेतली. सुरुवात प्रोटेस्टंटांची, नंतर कॅथलिकही आले. 2005 च्या ऑगस्टमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेत ब्रदर रोजेंचा खून झाला, नव्वदीचे होते. हे लोक स्वतःसाठी देणगी घेत नाहीत, घरचा वारसाही ठेवत नाहीत, मातीची भांडी वगैरे करून विकतात. त्यातले काही जण बांगलादेशात मयमनसिंगला गरीब लोकांमध्ये वर्षानुवर्षं राहतात. तिकडे राहून आलेल्या एकांना मी आपल्या पद्धतीने विचारलं, किती जण विश्वासात आले, म्हणजे ख्रिस्ती झाले? ते हसले, आणि बंगाली शिकताना काय काय फजिती झाली तेच सांगत बसले. मला तेव्हा राग आला होता खरं सांगायचं तर, उत्तर टाळतायत असं वाटलं.

शुक्रवारी रात्री क्रूस जमिनीवर ठेवतात आणि एकेक जण जाऊन कपाळ टेकवतो, ती रांग खूप उशिरापर्यंत चालू होती, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, जाऊन बघा.

तर अंदाज येतो का? येतो, पण शुक्रवारच्या रात्री नाही. बुधवार-गुरुवारी येतो. पाऊस, चिखल, शेजारचा पोलिश मुलगा घोरतोय, पुन्हा तीच डाळ, तोच ब्रश, घरच्यांची आठवण, आणि तरी समोरच्याशी नीट बोलायचं. मला तर गुरुवारी पळून जावंसं वाटत होतं. आठवडा कसाही निघतो हो, म्हणून जमलं तर काही महिने व्हॉलंटियर म्हणून राहता येतं का ते तिथे विचारा, आमच्यातले काही जण तसे राहिलेले होते.

एक सावधगिरी, माझ्या ओळखीतल्या एकाने दुसऱ्याच एका ग्रुपला 'मिशनरी ट्रेनिंग'चे बक्कळ पैसे भरले आणि हातात फक्त सर्टिफिकेट आलं. तेझेला रोजचा खर्च तुमचा देश बघून ठरतो, आपल्याला परवडतो, तिकीट आणि शेंगेन व्हिसा हाच काय तो मोठा खर्च. वय 35 च्या आत असेल तर तरुणांच्या ग्रुपमध्ये घेतात.

स्लीपिंग बॅग, टॉर्च, रेनकोट न्या. आणि लोणच्याची बाटली, मी नेली नव्हती.