आधी कोणता लिफाफा उघडायचा?

"दुकानाच्या वकिलाचं पत्र आलंय. वीस दिवसांत २२५ डॉलर भरा म्हणतात. नाही भरले तर व्हिसा जाईल का?"

न्यू जर्सीत मास्टर्स करायला येऊन दुकानातल्या चोरीत सापडलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींकडून समुपदेशनात हा प्रश्न येतो. आकडा तेवढा बदलतो. या लेखातली मुलगी म्हणजे कोणी एकच व्यक्ती नाही, ओळख पटू नये म्हणून दोन-तीन प्रकरणांतले तपशील एकत्र केले आहेत.

सेल्फ-चेकआउटवर तिनं अकरा वस्तूंपैकी सात स्कॅन केल्या आणि चार तशाच पिशवीत टाकल्या. त्या चारांची किंमत ६३ डॉलर. दारापाशी अडवलं, मागच्या खोलीत नेलं, वस्तू काढून घेतल्या आणि तीन कागदांवर सह्या घेतल्या. नंतर पोलीस आले. बोटांचे ठसे झाले, म्युनिसिपल कोर्टाचं समन्स हातात पडलं. अठराव्या दिवशी हे पत्र आलं.

समुपदेशनाला आली तेव्हा चार रात्री झोप नव्हती. रूममेट्सना काही सांगितलेलं नव्हतं. सांगलीला वडिलांना फोन करून "लॅब फी भरायचीय" म्हणत पैसे मागवले होते. पत्राची घडी उघडून-मिटून फाटायला आली होती, आणि समन्स मात्र एका जाड पुस्तकात शेवटच्या पानाशी दडवलेलं. त्यावरची तारीख नऊ दिवसांवर आली होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार, आणि जवळपास प्रत्येक प्रकरणात तो दिसतो. पत्रात डॉलरचा आकडा असतो, मुदत असते, ठळक अक्षरांत "कायदेशीर कारवाई" असते. समन्स त्या मानानं रुक्ष, सरकारी. भीती आकड्याकडे धावते.

म्हणून पहिल्या बैठकीत "का केलंस" हा प्रश्न आलाच नाही. सगळे कागद टेबलावर मांडून त्यांचे दोन गठ्ठे केले. एकात दुकानाचे: पैशांची नोटीस, तिच्या सहीचा जबाब आणि दुकानात पुन्हा पाऊल न ठेवण्याची ताकीद. दुसऱ्यात सरकारचा एकच कागद, समन्स. पहिला गठ्ठा दिवाणी, म्हणजे दुकान विरुद्ध ती. दुसरा फौजदारी, म्हणजे न्यू जर्सी राज्य विरुद्ध ती. पहिल्यात पैसे भरले म्हणून दुसरा संपत नाही. नुसते पैसे भरले नाहीत म्हणून नवा गुन्हाही उभा राहत नाही.

दुकान पैसे मागतं ते कशाच्या जोरावर? अमेरिकेत राज्याराज्यांत यासाठी वेगळे कायदे आहेत आणि आकडे प्रत्येकाचे निराळे. कॅलिफोर्नियात ही रक्कम ५० ते ५०० डॉलर. न्यूयॉर्कमध्ये वस्तूच्या किमतीची पाचपट किंवा ७५ डॉलर, यांतली जी जास्त ती, पण ५०० च्या वर नाही. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या मित्राला किती भरावे लागले हे विचारून काही उपयोग नसतो. न्यू जर्सीत दुकानाला तीन गोष्टी मागता येतात. वस्तू मूळ स्थितीत परत मिळाली नसेल तर तिची किंमत, कमाल ५०० डॉलर. घटनेमुळे दुसरं काही नुकसान झालं असेल तर ते. आणि १५० डॉलरपर्यंत दिवाणी दंड. पकडण्यात गेलेला कर्मचाऱ्यांचा वेळ किंवा पगार नुकसानीत धरायचा नाही, असं तो कायदा स्पष्ट म्हणतो.

आता तिचं पत्र पाहा. १५० डॉलर दंड, अधिक ७५ डॉलर "सुरक्षा खर्च". चारही वस्तू जागेवरच, सील न फोडता परत घेतलेल्या, म्हणजे किमतीचा प्रश्नच नाही. आणि सुरक्षा खर्च म्हणजे गार्डचा पगारच ना? ७५ चा आधार तिथंच गळाला. दुसरी खूण लिफाफ्यावर होती. दावा लावायचा असेल तर दुकानानं आधी सर्टिफाइड टपालानं नोटीस पाठवून उत्तरासाठी २० दिवस द्यायचे असतात. हे पत्र साध्या टपालानं आलेलं. म्हणून ते फेकून द्यायचं असं नाही, पण ते पत्र आहे, दावा नाही, एवढं कळलं तरी छातीवरचा दगड हलतो.

पुढे काय करायचं हे वकिलानं ठरवायचं, समुपदेशकानं नाही. पण वकिलाकडे जाताना कोणते रस्ते आहेत ते माहीत असावं. कायद्यात बसणारी रक्कम भरली तर दिवाणी बाजू तिथेच मिटते. काही वकील ती भरायला सांगतात, पण वकिलाच्याच हातून, "गुन्हा कबूल न करता" असं लिहून आणि दुकानाकडून मिटल्याचं लेखी घेऊन. काही म्हणतात, फौजदारी निकाल लागेपर्यंत एक डॉलरही नको. दीडशे डॉलरसाठी दुकानं क्वचितच कोर्टात जातात हे खरं, पण जाऊच शकत नाहीत असं नाही. गेली आणि जिंकली तर वकिलाची वाजवी फी व कोर्टखर्चही मागू शकतात. कोर्टाकडून खरंच दाव्याचे कागद आले आणि गप्प बसलं, तर एकतर्फी निकाल लागतो.

पैसे भरायचेच तर फोनवर भरू नयेत. "उद्या वॉरंट निघेल, आत्ता कार्ड नंबर द्या" असा फोन आला की तो ठेवून द्यावा. पत्रातला घटना क्रमांक, तारीख आणि दुकानाचं नाव मागच्या खोलीत मिळालेल्या नोटिशीशी ताडून पाहावं. दिवाणी वसुलीसाठी फौजदारी तक्रारीची धमकी देऊ नये, असा न्यू जर्सीच्या वकिलांच्या आचारसंहितेत नियम आहे. तेव्हा तशी भाषा दिसली तर पत्र आपल्या वकिलाला दाखवायचं.

सगळ्यात मोठी चूक ती करायच्या बेतात होती. रात्री जागून तिनं दुकानाच्या मॅनेजरला दोन पानी माफीपत्र लिहिलं होतं: मी शेतकऱ्याची मुलगी, मोह झाला, पुन्हा असं होणार नाही, केस मागे घ्या. भावना खरी होती, इंग्रजीही चांगलं होतं, आणि सरकारी वकिलाच्या हाती ते पडलं असतं तर तो लेखी कबुलीजबाब झाला असता. ते पत्र तिनं पाठवलं नाही. फाडायलाही सांगितलं नाही. फाइलला लावून वकिलाला दाखवलं.

वडिलांना खरं सांगितल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मालकाशी बोलून मिटवून टाक गं." त्यात चूक काही नाही. आपल्याकडे चोरीच्या गुन्ह्यात वस्तूच्या मालकाला तडजोड करता येते, म्हणून तो विचार आधी येतो. तिथं दुकानदाराचं मन वळलं तरी केस आपोआप संपत नाही. ती चालवायची की सोडायची हे सरकारी वकील आणि कोर्ट ठरवतात.

तर समन्स. २०० डॉलरच्या आतली दुकानातली चोरी न्यू जर्सीत सर्वात खालच्या पायरीवर बसते. तरीही कमाल शिक्षा सहा महिने कैद आणि १,००० डॉलर दंड. पहिल्याच वेळी दोषी ठरलं तरी किमान दहा दिवस समाजसेवा. तारखेला गैरहजर राहिलं तर वॉरंट. फी परवडत नसेल तर म्युनिसिपल पब्लिक डिफेंडरसाठी, म्हणजे कोर्टानं नेमून दिलेल्या वकिलासाठी, अर्ज करता येतो, त्याचं शुल्क २०० डॉलरपेक्षा जास्त नसतं.

यातला खरा सापळा दिसायला अगदी मायाळू आहे. पहिल्यांदाच सापडलेल्यांसाठी राज्यात एक सवलत आहे: वर्षभर नीट वागा, आरोप रद्द. नागरिकाला ती उत्तमच. पण तिच्यात शिरण्याआधी गुन्हा कबूल करावा लागतो किंवा दोषी ठरावं लागतं. इमिग्रेशनच्या केंद्रीय कायद्यात कबुली अधिक कोर्टानं घातलेलं कोणतंही बंधन म्हणजे दोषसिद्धी, मग राज्यानं वर्षानं आरोप पुसला तरी. शिवाय चोरी ही तिथं सहसा "नैतिक अधःपतनाचा" गुन्हा धरली जाते, आणि त्यानं व्हिसा धोक्यात येऊ शकतो. एकाच किरकोळ गुन्ह्याला अपवाद आहे, पण तो आपल्याला लागू पडतो का हे इमिग्रेशन वकिलानं कागद वाचून सांगायचं असतं, हॉस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपनं नाही. फौजदारी वकिलानं परदेशी अशिलाला हा धोका सांगितलाच पाहिजे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये पडिला खटल्यात ठरवलं. म्हणून वकिलाला पहिलंच वाक्य सांगायचं: मी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे.

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात धावत जाऊन सगळं सांगून मोकळं व्हावंसं वाटतं. तिथली माणसं भली असतात, पण ती तुमची वकील नसतात आणि गोपनीयतेचं समुपदेशकासारखं बंधन त्यांच्यावर नसतं. आधी वकील, मग ते कार्यालय.

तिच्या बाबतीत दुसऱ्या तारखेला तडजोड निघाली: चोरीचा आरोप मागे, त्याऐवजी शांतताभंगाचा स्थानिक नियम आणि दंड. कबुलीचे शब्द इमिग्रेशन वकिलानं आधी वाचून दिले होते. दुकानाचं दुसरं पत्र मधल्या काळात येऊन गेलं, आकडा ३२५ वर चढलेला. वकिलानं १५० चा चेक आणि चार ओळी पाठवल्या. मिटल्याचं लेखी उत्तर सहा आठवड्यांनी आलं.

"का" हा प्रश्न तिसऱ्या बैठकीत तिनंच काढला. पैसे नव्हते असं नाही. तीन महिने वडिलांच्या कर्जाचा हिशेब डॉलरमध्ये करत, प्रत्येक खरेदीला अपराधी वाटून घेत ती जगत होती, आणि त्या दिवशी चार वस्तू "मोजायच्या नाहीत" असं ठरवून टाकलं. त्यावर पुढं बरंच काम झालं.

त्या दुकानात तिला अजून बंदी आहे, गेली तर अनधिकृत प्रवेशाचा नवा गुन्हा लागेल. कोर्टाच्या निकालाच्या शिक्क्यासह तीन प्रती तिनं घेऊन ठेवल्यात. पुढच्या वेळी मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत व्हिसा स्टॅम्पिंगला जाताना डीएस-१६० या व्हिसा अर्जात "कधी अटक झाली आहे का" हा प्रश्न येईल. उत्तर काय लिहायचं ते वकिलानं सांगितलंय: "हो", आणि सोबत निकालाची एक प्रत.