मामाच्या माळ्यावरचं नॅट: भारतीय करायच्या आधी हे वाच

तुझा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे मामाच्या डोंबिवलीच्या घरी माळ्यावर एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं जोडायचं जुनं प्लास्टिकचं विमान सापडलं, १/७२ चं (म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं), नॅट नावाचं छोटं जेट, तेही रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई दलाच्या कसरतपथकाच्या लाल रंगातलं, मामाने शाळेत असताना अर्धवट चिकटवून सोडून दिलेलं, डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) पिवळी पडलीत, ग्लूची ट्यूब दगड झालीय, कॉकपिटची काच ओरखडलीय, आणि फेब्रुवारीत मामाची साठी आहे तर ते 'सेखोंचं नॅट' (परमवीरचक्र मिळालेल्या आपल्या वैमानिकाचं) करून त्याला द्यायचंय. मी तुझ्या मामाच्याच वयाचा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. आणि उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

पहिल्यांदा वाईट बातमी. त्या डब्यातून सेखोंचं नॅट होणार नाही. डबा परत बघ, आत दोन पायलट आणि लांब काच आहे ना? ते टी-१ आहे, ट्रेनर. ब्रिटिश हवाई दलाने एकआसनी फायटर नॅट घेतलंच नाही, त्यांनी ट्रेनर घेतलं आणि त्यावरच १९६५ ते १९७९ रेड ॲरोज उडाले. आपण घेतलं ते एफ-१, एक सीटवालं, जे नंतर बंगळूरला एचएएलमध्ये बनायला लागलं. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानची सेबर विमानं पाडून ज्याला 'सेबर स्लेअर' नाव पडलं ते हे, आणि १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवरून फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों जे घेऊन उडाले तेही हेच. टी-१ आपल्याकडे कधी नव्हतंच.

आता तू म्हणशील मागची सीट बुजवून टाकू, पुटी मारू, झालं. मीही असंच म्हणालो होतो. मग स्केल घेऊन मोजलं. एफ-१ ची खरी लांबी ८.७४ मीटर, टी-१ ची ९.६८, म्हणजे १/७२ मध्ये १२१ मिमी आणि १३४ मिमी. सव्वा सेंटीमीटर फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, कापून परत जोडायचं. बरं ते केलंस तरी पंखांचं काय? टी-१ चा पंख क्षेत्रफळाने जवळपास पावपटीने मोठा आहे, शेपटी मोठी आहे, आणि एफ-१ ला एअर इनटेकच्या (इंजिनाला हवा घ्यायच्या तोंडांच्या) ओठात दोन ३० मिमीच्या एडन तोफा आहेत त्या टी-१ ला नाहीतच. एवढं सगळं बदलल्यावर मूळ किटमधलं काय उरलं, चाकं? लुगडं फाडून रुमाल करायचा प्रकार आहे हा. भारतीय नॅटच हवं असेल तर एकआसनी नॅटचं आणि अजीतचं (एचएएलने सुधारलेलं नॅट) वेगळं किट मिळतं, चेक लोकांनी काढलंय, ते माग आणि नवीन प्लास्टिकवर सुरुवात कर. मामाचं किट जे आहे तेच होऊ दे, लाल. माझं स्पष्ट मत.

(यलोजॅक्स करावं का असं कुणीतरी खाली विचारणारच म्हणून आधीच सांगतो. हो, रेड ॲरोजच्या आधी १९६४ ला वेल्समधल्या आरएएफ व्हॅलीला पिवळ्या नॅटची टीम होती, दिसायला फार गोड. पण लाल प्लास्टिकवर पिवळा रंग मारून बघितलाय का कधी? सात थर दिले तरी आंबा पिकत नाही. नको.)

आता कामाला लागू.

सगळे पार्ट आधी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवून घे, साच्यातून सुटायला लावलेलं तेल चाळीस वर्षांनी पण अंगावर असतं आणि मग रंग सोलला जातो. धुताना बेसिनच्या भोकावर चहाची गाळणी ठेव. हसू नकोस, माझं एक चाक ठाण्याच्या खाडीत आहे.

मामाने चिकटवलेला भाग. तू म्हणतोस उजव्या फ्यूजलाजला आडवी शेपटी तिरकी चिकटवलीय आणि पोटाकडे ग्लूमध्ये अंगठ्याचा ठसा उमटलाय, हे दोन्ही काढू का. ट्यूबचा ग्लू म्हणजे आपल्या फेविकॉलसारखा नुसता धरून ठेवत नाही रे, तो प्लास्टिक वितळवून एकजीव करतो, वेल्डिंगच ते. त्यामुळे ओढून काढायला जाशील तर सांध्याच्या शेजारून तुटेल. नवी ब्लेड घे, पातं उलटं धर आणि पाठीच्या कोपऱ्याने सांध्याच्या रेषेवरून हलक्या हाताने पंधरा-वीस वेळा चर पाड, जोर बिलकुल नाही, मग ती आपसूक सुटते. सुटल्यावर परत लावताना दुसऱ्या बाजूची पण एकदमच लाव, आणि समोरून बघ, बाजूने नाही. ठसा मात्र मी असतो तर ठेवला असता. पोटाखाली आहे, वरून दिसत नाही, आणि मामाने मॉडेल उलटं केलं की त्याला तो दिसणार. बाकी तुझी मर्जी, दोनशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासलास तर पाच मिनिटांत जाईल.

ग्लू नवीन आण, बाटलीत बारीक ब्रश येतो तो पातळवाला. दोन भाग कोरडे जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं, ग्लू आपोआप फटीतून धावत जातो. बोट फटीवर असेल तर तो बोटाखालीही धावतो आणि मग तुझाही ठसा मामाच्या ठशाशेजारी. धरायला कपडे वाळत घालायचे चिमटे, केसांचे रबर, जे असेल ते. एक दिवस हात लावायचा नाही.

फटी राहणारच, त्या काळचे साचे तसेच होते. लाल प्लास्टिकसाठी मी पुटी वापरत नाही. स्प्रूचे, म्हणजे पार्ट ज्या काड्यांना लागलेले असतात त्यांचे, शेंगदाण्याच्या कुटाएवढे तुकडे कर, छोट्या काचेच्या बाटलीत टाक, वर थोडा पातळ ग्लू ओत, रात्रभर ठेव. सकाळी काकवीसारखं होतं. टूथपिकने फटीत भर, तीन-चार दिवस वाळू दे (घाई केलीस तर खड्डा पडतो, ते आटतं), मग चारशे, आठशे, हजार अशा नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर. रंगही तोच, प्लास्टिकही तेच. खिडकी उघडी ठेवून कर आणि लहान मुलं घरात असतील तर बाटली वर.

रिव्हेटचं काय करायचं हे तू विचारलं नाहीस पण विचारशील. जुन्या एअरफिक्सवर अंगभर पुरळ आल्यासारखे उठावाचे रिव्हेट असतात. हिशोब करून बघ, मॉडेलवर ०.३ मिमीचा ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर साधारण २२ मिमी, जवळपास रुपयाच्या नाण्याएवढा. असं विमान उडलं असतं का? काही लोक सगळं घासून परत नव्याने रेषा कोरतात. साठीच्या भेटीला मी ते करणार नाही, फक्त हजार नंबरच्या पेपरने पाण्यात सगळ्या अंगावरून एक हात फिरवीन म्हणजे रिव्हेट दबतात, जात नाहीत.

नाकात वजन. पुढे एक चाक आणि मागे दोन असं विमान मागे कलंडायची भीती असते, म्हणून फ्यूजलाज बंद करायच्या आधी सगळं टेपने तात्पुरतं जोड, मागची चाकं येतात तिथे दोन बोटांवर तोल, नाक खाली जाईपर्यंत कॉकपिटच्या पुढे वजन टाक. मासे पकडायच्या गळाला लावतात ती शिशाची गोळी उत्तम. पण ती पांढऱ्या गोंदाने चिकटवू नकोस! ही माझी स्वतःची कथा. एक हंटर (दुसरं एक जुनं ब्रिटिश जेट) केलं होतं, नाकात शिसं, वर भरपूर पांढरा गोंद, शोकेसमध्ये नऊ वर्षं छान उभं. एका पावसाळ्यात बघतो तर नाकाचा सांधा उललेला, आतून पांढरी भुकटी बाहेर येतेय. शिशाला त्या गोंदातलं आम्ल आणि आपली दमट हवा मिळाली की ते फुगतं, आणि फुगायला जागा नसली की प्लास्टिक फाडतं. तेव्हापासून शिसं असेल तर एपॉक्सी, नाहीतर सरळ स्टीलचे छर्रे. शिसं हाताळल्यावर हात धुवायचे हे सांगायला नको.

दुसरा रस्ता म्हणजे चाकं आत घेऊन उडतं करायचं, स्टँडवर. रेड ॲरोजला ते जास्त शोभतं, वजनाची भानगड नाही, आणि नॅटच्या त्या पोटातून फाकलेल्या पायांचा कोन जुळवायची कटकट पण वाचते. तसं केलंस तर पुढचाच पायलट बसव, मागची सीट रिकामी. कसरतीच्या वेळी एकटाच असायचा, मागे ग्राउंड क्रूचा माणूस बसायचा तो एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना.

काच. दोन हजारचा पेपर पाण्यात, मग जुन्या बनियनच्या तुकड्यावर पांढरी टूथपेस्ट (जेलवाली नाही) आणि गोल गोल दहा मिनिटं. ओरखडे जातात. बसवायला इथे पांढरा गोंदच बरोबर, वाळला की पारदर्शक होतो. सुपरग्लूने बसवायला गेलास तर त्याच्या वाफेने आतून धुकं धरतं आणि मग ते काढायला काच परत तोडावी लागते. हेही केलेलं आहे मी, कुठल्या विमानावर ते विचारू नकोस.

रंगाचं थोडक्यात: आधी पांढरा प्रायमर, मग लाल पातळ तीन-चार थर. थेट लाल प्लास्टिकवर लाल मारला तर जिथे घासलंयस तिथे ठिगळं दिसतात. हार्डवेअरच्या दुकानातला गाडीचा स्प्रे चालतो पण आधी स्प्रूवर मारून बघ, जाड मारला तर प्लास्टिक खातो. आणि पाऊस चालू असताना ग्लॉस मारू नकोस, दमट हवेत वर पांढुरकी साय धरते. मी गणपती ते दसरा फक्त घासकाम करतो. तुला फेब्रुवारी गाठायची आहे तर दिवाळीनंतरची कोरडी हवा तुझीच आहे.

आता डिकॅल, खरी परीक्षा इथेच आहे. पिवळेपणा घालवायला शीट प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत घाल आणि ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेला आतून टेपने चिकटव, छापलेली बाजू बाहेर. आठ-दहा दिवसांत पिवळी झाक बरीच जाते. रोज बघत जा, जास्त ठेवलीस तर रंगही उडायला लागतो. मग लगेच पाण्यात टाकू नकोस. जुनी फिल्म पाण्यात गेली की पापडासारखी तुकडे तुकडे होते. कंपनीचं नाव वगैरे जे लागणार नाही असं एक कोपऱ्यातलं कापून आधी तेच बुडव. अख्खं सुटलं तर नशीब, तडकलं तर उरलेल्या शीटवर ग्लॉस क्लिअरचे (चकचकीत पारदर्शक वॉर्निशचे) दोन हलके हात मार, वाळू दे, नवी फिल्म तयार होते. मात्र आता प्रत्येक चिन्ह रंगाच्या कडेला लागून कात्रीने वेगळं कापावं लागेल.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. जुन्या डिकॅलमधला पांढरा रंग पातळ असतो, लालवर लावला की गुलाबी दिसतो. गोल चिन्हातला पांढरा पट्टा असा बर्फाच्या गोळ्यासारखा गुलाबी झालेला मी प्रदर्शनात स्वतःच्याच मॉडेलवर बघितलाय, ट्यूबलाइटखाली, लोकांसमोर. त्यामुळे पांढरा प्रायमर मारल्यावर, लाल मारायच्या आधी, जिथे जिथे पांढरं येणार तिथे टेपचे तुकडे लावून झाक. गोलासाठी कंपासमध्ये पेन्सिलऐवजी ब्लेडचा तुकडा बसवून टेप काप, चिन्हाच्या व्यासापेक्षा अर्धा मिमी लहान. लाल वाळला की टेप काढ, खाली पांढरा तयार, त्यावर डिकॅल. लालवर ग्लॉस असू दे, खरखरीत पृष्ठभागावर डिकॅलखाली हवा अडकून चांदी दिसते. रिव्हेटवर बसत नसेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून वरून लाव, मऊ पडतं.

डिकॅल शीटचा पुढून-मागून फोटो टाक आधी. मागचा कागद तपकिरी डागांचा असेल तर वेगळं काहीतरी करावं लागेल, तोवर ती पाण्याजवळ नेऊ नकोस.