बार तपासा, माणूस नाही
मनोरंजन पार्कच्या राईडवर कर्मचारी म्हणून नवीन असाल तर आधी सवय लावा बोलण्याची. बार म्हणजे पाहुण्याच्या मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा. 'बार तपासतोय' असं मोठ्याने सांगा, मग हात पुढे. बार धरून वर ओढा; हलला नाही की पुढची सीट. मांडीला बोटही लागायचं कारण नाही. पट्ट्याचं बक्कल मांड्यांमध्ये येत असेल तर पाहुण्यालाच लावू द्या, तुम्ही फक्त मोकळं टोक ओढून बघा. बार बसत नसेल तर अंगभार टाकून दाबू नका (नवखे घाईत हेच करतात): पोट दबतं. गाडी रोखा, सुपरवायझरला बोलवा. मूल उचलून बसवणं पालकांचं काम. व्हीलचेअरवरून सीटवर नेणं बहुतेक पार्कांत सोबत्यांचं. मिठी पाहुण्याने पुढाकार घेतला तरच, हात सगळ्यांना दिसतील असे.