वाचकांचे प्रश्न : अपारदर्शक सिलिकॉनमधून प्रकाश जातो कसा?

प्रश्न : आमच्या घरी गेल्या वर्षी फायबरची जोडणी आली. त्या निमित्ताने वाचताना ‘सिलिकॉन फोटॉनिक मॉड्युलेटर’ हा शब्द वारंवार भेटला. सिलिकॉनची चकती मी महाविद्यालयात पाहिली आहे. ती आरशासारखी चकचकीत, पण पूर्ण अपारदर्शक होती. मग तिच्यातून प्रकाश कसा जातो? आणि लेसरचीच उघडझाप करता येत असताना मध्ये हा मॉड्युलेटर कशासाठी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सिलिकॉन अपारदर्शक आहे तो आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाला. सुमारे १,१०० नॅनोमीटरपेक्षा अधिक तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशकणांपाशी सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनला बंधातून सोडवण्याइतकी ऊर्जा नसते, त्यामुळे ते शोषले न जाता आरपार जातात. आणि फायबरमधील दळणवळण ज्या १,३१० व १,५५० नॅनोमीटरच्या आसपास चालते, त्या दोन्ही तरंगलांब्या याच पट्ट्यात येतात. शिवाय सिलिकॉनचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो, त्याचे माप) सुमारे ३.५ आणि त्याभोवतीच्या सिलिकॉन डायऑक्साइडचा सुमारे १.४४ असल्याने, जेमतेम अर्धा मायक्रोमीटर रुंदीच्या पट्टीतही प्रकाश कोंडून राहतो व अगदी लहान वळणेही फारसा न सांडता घेतो.

लेसरची उघडझाप करता येते, आणि घरगुती जोडणीत तेच केले जाते. सर्वसाधारण जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत विभागणाऱ्या) जोडणीत घराकडे येणारा वेग सुमारे २.५ गिगाबिट आणि घरातून जाणारा सुमारे १.२५ गिगाबिट प्रतिसेकंद असतो, व तो अनेक घरांत वाटला जातो. एवढ्यासाठी लेसरचा विद्युतप्रवाह कमी-जास्त करणे पुरेसे ठरते. तेव्हा आपल्या भिंतीवरच्या डबीत सिलिकॉन मॉड्युलेटर बहुधा नाहीच. अडचण वेग आणि अंतर वाढल्यावर येते. प्रवाह बदलला की लेसरची तीव्रताच नव्हे, तर तरंगलांबीही किंचित हलते, आणि नेहमीच्या फायबरमध्ये १,५५० नॅनोमीटरच्या आसपास दोन तरंगलांब्यांत १ नॅनोमीटरचा फरक असेल, तर त्या दर किलोमीटरला सुमारे १७ पिकोसेकंदांनी (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) मागेपुढे होतात. सेकंदाला १० गिगाबिट वेगात एका बिटच्या वाट्याला १०० पिकोसेकंदच येत असल्याने काही डझन किलोमीटरांत एक बिट शेजारच्यावर सांडू लागतो. म्हणून लेसर अखंड, स्थिर तेवत ठेवायचा आणि त्याच्या प्रकाशावर संदेश उमटवण्याचे काम वेगळ्या घटकाकडे द्यायचे, ही रीत रूढ झाली. तो घटक म्हणजे मॉड्युलेटर.

आता थोडे अप्रिय सत्य सांगतो : या कामासाठी सिलिकॉन हा मुळात सामान्य दर्जाचा पदार्थ आहे. लिथियम नायोबेटच्या स्फटिकाला विद्युतक्षेत्र लावले की त्याचा अपवर्तनांक थेट बदलतो. सिलिकॉनच्या स्फटिकाची रचना मध्यबिंदूभोवती सममित असल्यामुळे हा परिणाम त्यात उद्भवतच नाही. वाट दाखवली ती १९८७ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेतील रिचर्ड सोरेफ आणि ब्रायन बेनेट यांच्या शोधनिबंधाने : सिलिकॉनमधील मुक्त इलेक्ट्रॉन व होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा), म्हणजेच विद्युतभाराचे वाहक, यांची संख्या बदलली, तर अपवर्तनांक किती बदलतो, याचे हिशेब त्यांनी मांडले. हा बदल अत्यल्प असतो. तो ०.०००३ धरला, तर १,५५० नॅनोमीटरच्या लहरीला अर्ध्या तरंगलांबीने मागे-पुढे सरकवण्यासाठी सुमारे २.६ मिलिमीटर लांबी लागते. ज्या चिपवर ट्रान्झिस्टर नॅनोमीटरमध्ये मोजले जातात, तिथे ही लांबी म्हणजे मैदानच. त्यातही हे वाहक प्रकाश शोषतात, म्हणजे जितका परिणाम वाढवावा तितका प्रकाश गमवावा लागतो. या क्षेत्रातील बहुतेक अभियांत्रिकी या एका व्यवहाराभोवती फिरते.

लहरीचे हे मागे-पुढे सरकणे, म्हणजे कलाबदल, तीव्रतेत रूपांतरित करण्यासाठी प्रकाशाचे दोन वाटांनी विभाजन करून, एका वाटेवर कला बदलून ते पुन्हा एकत्र आणतात. दोन्ही लहरी जुळल्या तर उजेड, विरुद्ध पडल्या तर अंधार. ही झाली माख-झेंडर रचना, लांब पण सहनशील. दुसरा मार्ग वर्तुळाकार वाटेचा आहे : सुमारे १० मायक्रोमीटर व्यासाच्या कड्यात ठरावीक तरंगलांबीच अनुस्पंदित होते, म्हणजे फिरत राहून बळावते, आणि अपवर्तनांक किंचित हलवला की ती निसटते. कॉर्नेल विद्यापीठात २००५ मध्ये असे कडे दाखवण्यात आले. जागा व वीज यांत त्याला तोड नाही. मात्र ते तापमानाला फार हळवे आहे. एका अंश सेल्सिअसला अनुस्पंदन सुमारे ०.०७ ते ०.०८ नॅनोमीटर सरकते, त्यामुळे दोन-तीन अंशांत ते जागेवरून ढळते आणि प्रत्येक कड्यापाशी छोटा तापक व त्याचे नियंत्रण ठेवावे लागते. कड्याची वीजबचत मोजताना या तापकाचा खर्च विसरला जातो, हे मला नेहमी खटकते.

वेगाचे कोडे पी-एन जंक्शनने, म्हणजे जादा होल असलेला व जादा इलेक्ट्रॉन असलेला सिलिकॉन जिथे भिडतो त्या सांध्याने, सुटले. वाहक आत सोडले, तर ते नाहीसे होण्यास नॅनोसेकंद लागतात. उलट दिशेचा विद्युतदाब देऊन ते बाहेर ओढले, तर काही पिकोसेकंद पुरतात. इंटेलने २००४ मध्ये १ गिगाहर्ट्‌झचा टप्पा ओलांडणारा सिलिकॉन मॉड्युलेटर दाखवला आणि २००७ मध्ये ४० गिगाबिट गाठले. आज डेटा सेंटरमधील मॉड्यूल (विद्युतसंदेश प्रकाशात बदलून फायबरमध्ये सोडणारे भाग) तीव्रतेच्या चार पातळ्या वापरून, प्रत्येक चिन्हात दोन बिट कोंबून, एका मार्गिकेवर १०० गिगाबिट व त्याहून अधिक नेतात. सुमार पदार्थ निवडण्याचे कारणही इथेच आहे : ट्रान्झिस्टरसाठी उभारलेल्या कारखान्यांत, त्याच यंत्रांवर, शेकडो मॉड्युलेटर एका चकतीवर छापता येतात.

प्रश्न : मग लेसरही त्याच चकतीवर का बनवत नाहीत? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन व होल एकत्र येताना संवेग जुळत नसल्याने, प्रकाशाऐवजी उष्णताच अधिक निर्माण होते. इंटेल आणि सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी २००६ मध्ये इंडियम फॉस्फाइडचा थर सिलिकॉनवर चिकटवून लेसर तयार केला, आणि २०१६ पासून इंटेलच्या १०० गिगाबिट मॉड्यूलमध्ये अशी जोडणी बाजारात आली. दुसरा मार्ग लेसर वेगळ्या खणात ठेवून फायबरने त्याचा प्रकाश चिपवर आणण्याचा आहे. एनव्हिडियाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलेल्या, कडे-मॉड्युलेटर असलेल्या नेटवर्क स्विचांत (संगणकांमधील माहितीची वाहतूक वळवणाऱ्या यंत्रांत) हाच मार्ग स्वीकारला आहे. उष्णतेने सर्वांत आधी लेसर थकतो, आणि खण बाहेरच्या बाजूस असला की संपूर्ण यंत्र न उघडता तेवढाच बदलता येतो.