गुणात्मक संशोधनात १२ मुलाखती पुरतात का? कोडिंग, म्हणजे उत्तरांतल्या उताऱ्यांना अर्थानुसार नाव (कोड) देणं, सॉफ्टवेअरवर करावं की हाताने?

हा १२ चा आकडा मुख्यतः २००६ च्या एका अभ्यासावरून पसरला. घाना आणि नायजेरियातल्या ६० बायकांच्या मुलाखतींपैकी पहिल्या १२ मध्येच बहुतेक कोड सापडले होते. पण तो गट एकसारखा होता आणि प्रश्न ठरीव. तुमचं तसं असेल तर पुरतील.

माझं म्हणणं वेगळंच आहे. मुलाखत घेतली कुणी आणि कोडिंग केलं कुणी?

बीडहून कोल्हापूरकडे आलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) मी मुलाखती घेत होते. उचलीबद्दल, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांबद्दल विचारलं तर एक बाई म्हणाली, "समदं बरं हाय, मुकादम चांगला हाय." मुकादम शेजारच्याच बाजेवर बसलेला! उचल एका कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायको मिळून; पैसे पडतात नवऱ्याच्या हातात, फेडायची दोघांनी. दुसऱ्या दिवशी फडात मोळ्या बांधताना तीच बाई आपणहून बोलली. मासिक पाळीत अंग मोडून आलं तरी घरी राहता येत नाही, खाडा धरतात आणि तो उचलीत चढवतात. रेकॉर्डर नको म्हणाली, लिहायला हरकत नव्हती. मी रात्री सगळं लिहून काढलं.

प्रकल्पात कोडिंग दिलं दोन सहायकांना, ज्यांनी कोपी पाहिलेलीच नव्हती. दोघांनीही "समदं बरं हाय" या उत्तराला कोड दिला: 'मुकादमाशी चांगले संबंध'. दोघांचं जुळलं म्हणून प्रमुख खूश, कप्पाचा (दोघांचं किती जुळलं ते मोजणारा) आकडा झकास. मी हरकत घेतली तर म्हणाले, "तुमच्या नोंदी म्हणजे तुमचं मत, तो डेटा नव्हे."

साफ चूक. मुकादम तिथे बसला होता हे मत कसं? दोन माणसं एकसारखी चुकली तरी कप्पा वरच जातो.

म्हणून निदान सुरुवातीच्या मुलाखती स्वतः ऐकून स्वतः उतरवा. प्रत्येक मुलाखतीच्या माथ्यावर जागा, वेळ आणि ऐकायला कोण होतं ते लिहा. बाई कुठे थांबली, कुठे नवऱ्याकडे पाहिलं, तेही. कोड देताना हे सगळं समोर हवं.

सॉफ्टवेअर एनव्हिवो घ्या नाहीतर एक्सेल. ते उतारे शोधून देतं, अर्थ तुम्हालाच लावायचा आहे. मोठा चमू असेल तर सामाईक कोडयादी लागतेच, आणि दोघांनी कोडिंग करण्याचा उपयोगही आहे, पण तो जिथे जुळत नाही तिथे थांबून भांडण्यासाठी. मुकादमाचं नाव, गाव, कारखाना मात्र कुठेही येऊ देऊ नका. त्याची किंमत त्या बाईला मोजावी लागते.

आणि नोंदी परिशिष्टात ढकला असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मुख्य प्रकरणातच, त्या उत्तराच्या लगेच खाली छापा.